त्रिशंकूवरचा प्रयोग

नथ माझ्या हातातून सुटली आणि तरंगत तरंगत हवेच्या जाळीकडे निघाली.

"आबा, नथ! पकडा नथ!"

आबा मेस्त्री तेव्हा माझ्या डोक्यावर उलटे लटकून स्वतःच्या कपाळावर लाल पट्टे ओढत होते. त्यांनी मानही न वळवता पाय लांब केला आणि अंगठ्याच्या बेचक्यात नथ बरोबर धरली.

"आबा, पायान? राणीची नथ ती!"

"मग हात खंय असा मोकळो? एका हातात रंग, दुसऱ्या हातान भिंत धरलंय. घे गुमान."

मी नथ घेतली, साडीच्या काठाला पुसली आणि नाकात चढवली. साडीनं तर सकाळपासून जीव नकोसा केला होता. एरवी निऱ्या खोचल्या की त्या खाली पडतात. इथे 'खाली' असं काही नव्हतंच. निऱ्या खोचायचो आणि त्या फुलत फुलत वर यायच्या, छत्री उलटी व्हावी तशा. शेवटी दवाखान्यातून पट्ट्यांचे चिमटे आणून साडी घोट्यांशी आवळली. पदर मात्र ऐकेना. तो माझ्या डोक्यामागे नागाच्या फण्यासारखा उभा राहायचा.

हे सगळं चाललं होतं पृथ्वी आणि चंद्र यांच्या मधोमध, एका अंतराळ स्थानकावर. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण तिथली मराठी माणसं त्याला त्रिशंकू म्हणायची आणि आम्हीही तेच उचललं. तिथे वर्ष-वर्ष राहणाऱ्या माणसांचं मन रमावं म्हणून वरून कुणीतरी ठरवलं की गावाकडचे कलाकार पाठवायचे. आधी एका मोठ्या नाटक मंडळीला विचारलं होतं, पण त्यांच्या नेपथ्याचं वजन ऐकून अधिकारी हबकले. मग कुणाला तरी आठवलं की कोकणातल्या दशावतारात नेपथ्य नसतंच. एक बाकडं असलं की झालं. संहितासुद्धा नसते. आख्यान ठरवायचं, कोण राजा, कोण राक्षस ते ठरवायचं, आणि बाकी सगळं ज्यानं त्यानं उभ्याउभ्या बोलायचं. अशा रीतीनं आमची कंपनी निवडली गेली, ती केवळ हलकी म्हणून. त्यातही तिघेच. पेटीवाला गुणाजी पोचल्यापासून दवाखान्यात ओकत पडला होता, म्हणजे उरलो दोघे.

आबा कंपनीचे मालक आणि राकेस, म्हणजे राक्षस. मी वासुदेव राऊळ, स्त्री-पार्टी. अठराव्या वर्षापासून मी राणी होत आलो होतो. पण आता चाळिशी जवळ आली होती. जबडा रुंद झाला होता आणि गेल्या हंगामात दोन-तीन गावांत मी रडायला लागलो की मागच्या रांगेतून हसू यायचं. मेव्हण्यानं मालवणात खाणावळ काढली होती, तो गल्ल्यावर बसायला बोलावत होता. हा प्रयोग झाला की आबांना सांगायचं असं मी ठरवलं होतं. अजून सांगितलं नव्हतं. तोंडाशी यायचं आणि परत जायचं.

"आबा," मी म्हटलं, "खेळ झालो काय माका तुमच्याशी जरा बोलूचा असा."

"आता बोल. माझे कान रिकामेच असत."

मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात भोंगा वाजला.

आमची रंगपटाची खोली म्हणजे स्थानकाच्या अगदी टोकाची कोठार-खोली होती. बाहेरून येणारं यान ज्या दाराला लागतं, ते दार ह्याच खोलीत होतं. भोंगा वाजताच आतल्या बाजूचं दार धप्पकन लागलं. मी जाऊन ढकललं, पण ते हलेना. मग भिंतीतल्या कर्ण्यातून स्थानकाच्या प्रमुख डॉक्टर इरावती पळशीकर यांचा आवाज आला.

"राऊळ, मेस्त्री काका, तुम्ही दोघं अजून कोठारातच आहात का?"

"होय बाई," मी म्हटलं. "दार लागलं."

"ते आपोआप लागतं. आम्ही सगळे दुसऱ्या टोकाला सुरक्षित कक्षात आहोत. नीट ऐका. आपल्या बाहेरच्या दाराला काहीतरी येऊन लागलंय."

"यान?"

"यान म्हणता येईल. आपलं नाही. कुणाचंच नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा अर्धा चेहरा लाल झाला होता आणि अर्धा तसाच होता.

"कुणाचांच नाय म्हणजे काय?"

"म्हणजे पृथ्वीवरचं नाही, काका. त्यानं आपल्याला धरून ठेवलंय. ते जोरात मागे हटलं तर दाराची चौकट उपटून निघेल. म्हणून काहीही झालं तरी त्याला घाबरवू नका. शक्यतो हलू नका."

आबांनी मुकाट्यानं भिंतीवरची दांडी धरली. त्यांच्या अंगावर काळी कफनी होती, दंडात चांदीचं कडं होतं, डोक्यावर शिंगांचा किरीट होता आणि पुठ्ठ्याचे दोन सुळे ओठांबाहेर आले होते. ह्या माणसानं कुणाला घाबरवू नये म्हणजे नेमकं काय करावं, ते मला कळेना.

मग बाहेरचं दार उघडायला लागलं. तोडफोड नाही, धक्का नाही. कुणीतरी बाहेरून ते चाचपत होतं. एक कडी फिरली, थांबली, उलटी फिरली, परत थांबली. अनोळखी घरातला नळ आपण जसा फिरवून बघतो, तसं. शेवटी दार सरकलं आणि आत ओल्या मातीचा वास आला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मातीचा वास.

त्यापाठोपाठ ते आलं.

मला नंतर खूप जणांनी विचारलं, कसं दिसत होतं? मी कोकणातला माणूस, मला एकच उपमा सुचते. फणस. वासराएवढा मोठा फणस. हिरवट-पिवळा, डोळे नाहीत, तोंड नाही, पुढचा-मागचा भाग कळत नाही. मात्र त्याचे काटे हलत होते. भातशेतावरून वारा जावा तशी त्या काट्यांवरून लाट जायची. ती लाट माझ्याकडे आली, माझ्यापाशी थांबली, मग आबांकडे गेली. आणि तिथे सगळे काटे ताठ उभे राहिले.

"वासू," आबा ओठ न हलवता म्हणाले. "ह्यां माझ्याकडे कित्याक बघता?"

"तेका डोळे नायत, आबा."

"डोळे नसले तरी बघता!"

पुढचं इतकं झटकन झालं की मला ओरडायलाही सुचलं नाही. त्याच्या कुशीतून एक जाड, मऊ, पट्ट्यासारखा अवयव निघाला, आबांच्या कमरेभोवती फिरला आणि त्यांना भिंतीशी दाबून बसला. आबांचा किरीट उडून खोलीत गिरक्या घेऊ लागला. आबांनी बोंब ठोकली. तीस वर्षं राक्षसाची गर्जना करणारा गळा तो, खोली दणाणली. तसा पट्टा आणखी आवळला.

"काय झालं? काका का ओरडताहेत?" कर्ण्यातून डॉक्टरीणबाई विचारत होत्या.

"धरलंय त्यांना!"

"इजा केली?"

"मेलंय! मेलंय मी!" आबा ओरडले.

"बोलतायत म्हणजे श्वास चालू आहे," बाई म्हणाल्या. "राऊळ, तुम्हाला काय करतंय ते?"

मला ते काहीच करत नव्हतं. म्हणजे करत होतं, पण ते फार वेगळं होतं. दुसरा एक पट्टा माझ्या पाठीला येऊन टेकला होता आणि अगदी हळूच, म्हाताऱ्या माणसाला रस्ता ओलांडायला हात द्यावा तसा, मला उघड्या दाराकडे नेत होता. मी आबांकडे जायला लागलो की तो मध्ये यायचा. दाराकडे वळलो की सैल पडायचा.

मला वाटलं, हे आम्हाला काहीतरी भलतंच समजतंय. आम्ही माणसं आहोत, हा नुसता वेश आहे, हे दाखवलं तर सोडेल. म्हणून मी डोक्यावरचा केसांचा टोप, आमच्यात त्याला गंगावन म्हणतात, उपसून काढला. नथ काढली. पदराखालचे कापडाचे गोळेही काढून हवेत सोडले. "बघ!" मी म्हटलं. "पुरुष आहे मी, पुरुष! वासुदेव!"

त्याच्या सगळ्या अंगातून एक बारीक, चिरका आवाज निघाला, काचेवर ओलं बोट घासावं तसा. तरंगणारं गंगावन त्यानं अलगद गोळा केलं, चाचपलं, मला चाचपलं, परत गंगावन चाचपलं. आणि आबांना इतकं दाबलं की त्यांचे सुळे बाहेर उडाले.

"घाल मेल्या डोक्यार! घाल परत!" आबा कसेबसे म्हणाले.

मी टोप हिसकून घेतला आणि परत घातला. पट्टा जरासा सैल झाला.

"बाई," मी कर्ण्याकडे तोंड करून म्हटलं, "हे मला बाई समजतंय. आणि बाई नाहीशी झाली की ह्याला आबांचा राग येतो."

पलीकडे कागद फडफडल्यासारखा आवाज आला आणि कुणीतरी बाईंच्या कानात काही सांगितलं.

"राऊळ, काल तुम्ही तालीम केलीत ती संदेश-कक्षात ना?"

"तिथंच जागा मोकळी होती."

"तिथला प्रक्षेपक चालू राहिला होता. मोठा, बाहेरचा. तुमची अख्खी तालीम अंतराळात गेली. आणि आता नोंदी पाहिल्या, तर हे जे यान आहे, त्यानं काल त्यानंतर लगेच दिशा बदललीय. तोवर ते इकडे येतच नव्हतं. तालमीत तुम्ही काय म्हणत होता?"

मी आबांकडे पाहिलं. आबा माझ्याकडे. आख्यान होतं धूम्रासुराचं. धूम्रासुर राणी चित्रलेखेला पळवून नेतो आणि राणी अरण्यात टाहो फोडते. धावा हो धावा, ह्या अबलेला कुणी तरी वाचवा! आबांचं समाधान होईना म्हणून काल मी तो टाहो पुन्हापुन्हा फोडला होता.

"आबा," मी म्हटलं. "ह्यां माका सोडवूक इलां."

वीस वर्षं मी गावोगावी धावा धावा म्हणत ओरडत आलो होतो. समोर हजार-हजार माणसं बसलेली असायची. त्यातला एकही कधी उठला नव्हता, आणि कुणी उठावं असं मलाही कधी वाटलं नव्हतं. आता हे कुठून कुठून निघालं होतं, वाट वाकडी करून आलं होतं, परक्या दाराची कडी चाचपत उघडून आत शिरलं होतं. आणि आपण बाईला राक्षसाच्या तावडीतून सोडवलं अशा समजुतीनं मला घरी घेऊन निघालं होतं.

उघड्या दारातून मी त्याच्या यानात डोकावलो. आत फिकट उजेड होता, भिंती ओलसर होत्या. मधोमध एक खळगा होता, माणूस अंग दुमडून बसेल एवढा. त्याची कड अजून ओली होती. माझ्यासाठी नव्यानं कोरला होता तो.

"राऊळ, आत जाऊ नका," बाई म्हणाल्या. "तिथली हवा आपल्याला चालेल की नाही माहीत नाही. आणि ते निघालं की आम्हाला तुमच्यामागं येता येणार नाही."

पट्टा पाठीला टेकलेलाच होता. मी उंबऱ्यावर होतो. एक पाय अडकवून कसाबसा तग धरला होता. किरीट गिरक्या घेत समोरून चालला होता, तो मी झडप घालून पकडला. पुढचं मी विचार करून केलं नाही. संहिता नसलेला नट जे करतो ते केलं.

गंगावन काढलं आणि भिंतीवर पाय मारून सरळ आबांच्या अंगावर गेलो. ते मध्ये यायच्या आत टोप आबांच्या डोक्यावर दाबला, पदर सोडवून त्यांच्या खांद्यावर टाकला आणि किरीट माझ्या डोक्यावर चढवला.

"आबा, आता तुमी राणी. मी राकेस. बोंब मारा!"

"माका बायलेचो आवाज येना नाय रे!"

"जसो येता तसो मारा! हा हा हा हा! चित्रलेखे, आता तुला कोण सोडवणार?"

आबांनी माझी गर्जना ऐकून अशा स्थितीतही तोंड वाकडं केलं. मग डोळे मिटले आणि हंबरल्यासारखा टाहो फोडला. "धावा! कोण तरी धावा गे बाये!"

असली राणी मी जन्मात पाहिली नव्हती. पण फणस जागच्या जागी थबकला. काट्यांवरची लाट आबांकडे गेली, माझ्याकडे आली. आबांवरचा पट्टा सुटला आणि ते सगळेच्या सगळे काटे माझ्यावर रोखले गेले.

"बदला, आबा! बदला!"

किरीट आबांकडे, टोप माझ्याकडे. मी राणीच्या गळ्यानं हाक मारली, तशी लाट परत फिरली. पुन्हा बदल. आबा राणी, मी राक्षस. आता आबांनाही चेव आला होता. ते कमरेवर हात ठेवून मान वेळावू लागले. पुन्हा बदल. आम्ही घामाघूम झालो आणि घामाचे थेंब खोलीभर तरंगू लागले. कर्ण्यातून बाई सारख्या विचारत होत्या, काय चाललंय, काय चाललंय तिथं, आणि उत्तर द्यायला दोघांपैकी कुणालाच सवड नव्हती.

कितव्या तरी बदलाला ते हललंच नाही. आमच्या दोघांच्या बरोबर मध्ये नुसतं तरंगत राहिलं. एकेक ओळ करत काटे खाली बसत गेले. मी किरीट हातात धरून थांबलो. आबा टोप सारखा करत थांबले. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून उगीच हसलो. एकमेकांना आम्ही घाबरत नाही हे ह्याला दुसरं कसं कळावं?

मग त्यानं पट्टा लांब केला आणि आबांच्या डोक्यावरचं गंगावन काढून घेतलं. ते स्वतःच्या अंगावर ठेवलं, एका बाजूला, जरा तिरकं. आणि सगळ्या काट्यांतून मिळून आवाज काढला.

"धा-वा."

माझाच आवाज तो. ओल्या काचेवर घासलेला, पण माझाच. शेवटचा 'वा' मी जसा लांबवतो तसाच लांबवलेला.

आबा खूश झाले. "अरे, नट निघालो हो! वासू, घे, राकेस हो, तेका पार्ट दे!"

"धा-वा," ते पुन्हा म्हणालं.

मी राक्षस झालो नाही. किरीट सोडून दिला, भिंतीवर दोन्ही पाय मारले आणि हात पसरून त्याच्याकडे गेलो. वजन नसलं की माणसाला आयत्या वेळी थांबता येत नाही. मी थेट त्याच्यावर आदळलो आणि त्याला कवेत धरलं. काटे मऊ होते, भिजवलेल्या भातासारखे. त्यांच्याखाली काहीतरी भराभरा धडधडत होतं, हातात धरलेल्या कोंबडीची छाती धडधडते तसं. मी त्याला धरून राहिलो. "उगी, उगी," मी म्हणत होतो. "इलंय मी. इलंय."

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. हळूहळू ती धडधड मंदावली. मग ते माझ्या हातांतून अलगद निसटलं, टोपासकट, आणि दाराशी गेलं. जाताना दार लावून कडी आधी ज्या बाजूला होती त्याच बाजूला नीट फिरवून ठेवली. थोड्या वेळानं चौकटीतून एक हलका कंप गेला. कर्ण्यातून बाई म्हणाल्या, "सोडलं. त्यानं सोडलं आपल्याला."

पुढे चौकशी झाली. पृथ्वीवर उतरल्यावर महिनाभर निरनिराळ्या भाषांमधले लोक आम्हाला तेच ते प्रश्न विचारत होते. त्या यानाचा पुन्हा माग लागला नाही, अजूनही लागलेला नाही. मी मेव्हण्याच्या खाणावळीत गेलो नाही. अजून काही वर्षं राण्या केल्या, मग राजमाता, आता नारद करतो. आबांशी जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही.

आबा आता ऐंशीच्या घरात आहेत. अंगणात खुर्ची टाकून बसतात. मी गेलो की आमचा एकच वाद असतो. ते म्हणतात, आपण दोघांनी केलेलं बघून त्याला खेळ कळला आणि त्यालाही पार्ट करावासा वाटला, दुसरं काही नाही. मी म्हणतो, नाही आबा, ते खरंच हाक मारत होतं. एकटं इतक्या लांब आलेलं, त्याचंही काही असेल.

परवा मी त्यांना म्हटलं, "तुमी तेका हात लावलास नाय. मी लावलंय. आत कसां धडधडत होतां तां माका म्हायत. सोंगात कोणाचां काळीज तसां धडधडता काय?"

आबांनी पानाचा विडा गालात सरकवला.

"मेल्या," ते म्हणाले, "तुझां नाय धडधडत, रंगमंचार जाताना?"